महालक्ष्म्यांची गोळी

"घे. माया डोळ्यासमोर घे."

बेबीताईंनी गोळी जयाच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि देवघराच्या उंबऱ्यात त्या तशाच उभ्या राहिल्या. गोळी एवढीशी, पांढरी, तुरीच्या दाण्याहूनही लहान... आणि तरी जयाला तो हात उचलवेना. तिने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे राग असता तर सोपं गेलं असतं हो, रागाला माणूस उलट बोलू शकतं. पण तिथे होती नुसती माया आणि काळजी, आणि काळजीला नाही म्हणायची सवय जयाला कुठे होती?

"आत्याबाई, यंदा मी गोळी नाई घेतली तं नाई चालणार का?"

"काहून वं? मागच्या महिन्यात बसली होतीस ना बाहेर. आता बरोबर महालक्ष्म्याईच्या जेवणाच्या आसपास येते तुयी तारीख. अन् ऐन टायमाले अडचण आली तं सयपाक कोण करन? माया बोटाईचं तुले माईत आहे, साधी पोळी लाटल्या जात नाई. धाकटीनं, पायलनं, कालच सुरू केली. घे, वाकडं काई होत नाई त्यानं."

जयाने गोळी जिभेवर ठेवली आणि वर पाण्याचा घोट घेतला. बेबीताईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सांधे सुजलेल्या बोटांनी त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, उरलेल्या गोळ्यांचा पत्ता तिच्या मुठीत दिला आणि म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ घेजो. इसरू नको."

मग जया मागच्या दाराने गोठ्यात गेली, गव्हाणीआड वाकली आणि जिभेखाली धरलेली गोळी तिने थुंकून टाकली. दोनदा चूळ भरली तरी कडवटपणा जाईना. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने आत्याबाईंना असं धडधडीत फसवलं ते पहिल्यांदाच! गाय रवंथ करता करता तिच्याकडे बघत राहिली, आणि जयाला गाईचीसुद्धा लाज वाटली.

आता ही गोळी म्हणजे काही विष नव्हे. पोळा सरला, भादवा लागला की आर्णीच्या कुठल्याही मेडिकलमध्ये बाया ती मागायला येतात आणि दुकानदारही काही न विचारता काढून देतो. पाळी चार दिवस पुढे ढकलायची, महालक्ष्म्या निभावून न्यायच्या, मग येवो बापडी. गावात तिला नावच पडलं होतं, महालक्ष्म्यांची गोळी. कोणी पोटात मळमळतं म्हणायची, कोणी डोकं धरून बसायची, पण देवीपुढे एवढं कोण मोजतं!

जयाला मात्र ती गोळी कधी लागलीच नव्हती. जयाला पाळीच येत नव्हती ना. लग्नाआधी कधीतरी यायची, मग सहा-सहा महिने नाही, मग वर्ष-वर्ष नाही... आर्णीच्या डॉक्टरने पीसीओडी म्हणून सांगितलं होतं, घरात कोणाच्या ध्यानात ते अक्षर राहिलं नाही. बेबीताईंच्या ध्यानात राहिलं ते एवढंच, की ही सून बारमाही सोवळी. "माया जयाले कधी अडचण नसते," हे त्या हळदीकुंकवात इतक्या कौतुकाने सांगायच्या, की ऐकणाऱ्या बायांनी हेव्याने मान हलवावी. नवरात्र असो, सत्यनारायण असो, शेजारच्या घरचा निवद असो, कुठे बाई अडली की एकच उत्तर... जया आहे ना!

आणि खोटं कशाला सांगा, जयाला ते गोड लागायचं. तिची कूस रिकामी होती. हनुवटीवर राठ केस यायचे, ते ती न्हाणीत कडी लावून चिमट्याने उपटायची. मानेवरचा काळा पट्टा पदराने झाकायची, आणि अंग वाढत गेलं तेव्हा "खाऊन खाऊन सुजली" हेही तिने हसून ऐकलं होतं. पण चुलीपुढे ओल्या लुगड्यात ती उभी राहिली, पुरणाचा दरवळ उठला, की साऱ्या घराला तिच्यावाचून गत्यंतर नसायचं. त्या घराने न बोलता वाटणीच करून टाकली होती. धाकट्या जावेला, पायलला, पोर मिळाली, सोनू. थोरलीला देवघर.

"तुमचं बरं आहे बाप्पा जाऊबाई," पायल चिडवायची, "ना पोट दुखत, ना कोपऱ्यात बसा लागत."

जया हसायची. त्या हसण्याखाली काय आहे ते पाहायला कोणाला सवड होती!

यवतमाळचं नाव काढलं ते जीवनने, तिच्या नवऱ्याने. जीवन अबोल माणूस. कपाशीला डवरे देता देता दिवस जाईल, पण तोंडातून शब्द निघणार नाही. कोणाकडून तरी त्याने ऐकलं, मोठ्या दवाखान्यात अशा बायांसाठी नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे, आणि एका सकाळी त्याने गाडी काढून नुसतं म्हटलं, "चाल." रस्ताभर त्याने काही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. वारा कानात घुमत होता, दोन्ही बाजूंनी सोयाबीन हिरवंगार डुलत होतं, आणि जयाला वाटत होतं आपण कुठेच चाललो नाही, नुसते वाहत आहोत.

तिथे तिला भेटली अपेक्षा सिस्टर. राळेगावकडची, सडसडीत, फोन उचलला की आधी "जय भीम" म्हणणारी. तिने जयाला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि लहान बहिणीने थोरलीला समजवावं तसं सगळं फोड करून सांगितलं.

"ताई, हे संशोधन आहे, आधीच सांगून ठेवतो. दोन परकारच्या डब्या आहेत. गोळ्या दोनीत सारख्याच दिसतात. एकीत औषध आहे, दुसरीत काईच नाई, नुसती पावडर. तुमच्या वाट्याले कोणती आली ते तुमाले नाई समजणार, मले नाई अन् मोठ्या मॅडमलेबी नाई. ते कॉम्प्युटर ठरवते."

"अन् माया वाट्याले खोटी आली तं?"

"तं अभ्यास सरल्यावर औषध चांगलं निघालं, की तुमाले खरी देऊ. मधातच सोडून द्या वाटलं तं सोडा, कोणी रागावणार नाई. पण एक ध्यानात ठेवजा. मधात पाळीची दुसरी कोणतीच गोळी घ्यायची नाई, ना आणायची, ना ढकलायची. घेतली तं लपवू नका. पण मंग तुमाले यातून बाहेर काढा लागन."

आधी दवाखान्यानेच एक औषध देऊन तिची पाळी आणली. त्या वेळी जया कित्येक वर्षांनी पडवीत बाजूला बसली, आणि बेबीताई दचकून तिच्याकडे पाहत राहिल्या. "ही आमी आणलेली आहे," अपेक्षा म्हणाली होती. "आता पुढची आपसूक येते का, ते पाह्यचं."

आपसूक... हा शब्द जयाच्या मनात घर करून बसला. एसटीच्या खिडकीशी ती डबी ओटीत धरून बसायची, डोळे मिटायचे, आणि अर्धवट झोपेत तिला वाटायचं, आपल्या पोटात एक लहानसं शेत आहे, वर्षानुवर्षं पडीत पडलेलं, आणि कोणीतरी अनवाणी पायांनी त्या शेतात हळूहळू चालत येतंय... कोण ते दिसायचं नाही. बस आचका देऊन थांबायची आणि ते पाऊल विरून जायचं. घरी रोज जेवण झालं की ती डबी कानाशी हलवायची आणि हळूच विचारायची, "खरी आहेस का वं तू?" गोळ्या खुळखुळायच्या, आणि त्या खुळखुळण्यात तिला कधी हो ऐकू यायचं, कधी नाही.

सासूला तिने एवढंच सांगितलं होतं, यवतमाळहून ताकदीची गोळी आणली. संशोधन म्हटलं असतं तर बेबीताईंनी आभाळ डोक्यावर घेतलं असतं, माया सुनेवर कायचे प्रयोग म्हणून.

आणि दैवाचा खेळ पाहा! गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना निरोप देताना बेबीताईंनी पदर पसरून नवस बोलला होता. "बाई, माया जयाची कूस उजव. पुढच्या साली तिच्याच हातचा निवद, सोळा भाज्या अन् पुरण, तुमाले जेवू घालीन." जयाच्याच हातचा, दुसऱ्या कोणाचा नाही. म्हणजे ज्या कुशीसाठी नवस, त्या कुशीचं उघडू पाहणारं दार बंद करायला त्यांनी स्वतःच्या हाताने गोळी आणून दिली होती! बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आणि जयाला ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं.

रोज सकाळ-संध्याकाळ ती पत्त्यातली एकेक गोळी फोडायची आणि शेणाच्या टोपलीत दाबून उकिरड्यावर टाकून यायची. रिकामा पत्ता बेबीताईंच्या नजरेस पडेल असा खिडकीत ठेवायची. गोळी शेणात जाताना तिला वाटायचं, आत्याबाईंची मायाच आपण उकिरड्यावर टाकतोय. सांगून टाकावं असं कितीदा तिच्या ओठांवर आलं... पण तेवढ्यात बेबीताई फुलोऱ्याच्या करंज्या घेऊन बसायच्या, मुरड जमत नाही म्हणून हसायच्या, "तूच कर वं, तुया हाताले देवीची सवय आहे" म्हणायच्या, आणि शब्द परत पोटात जायचा.

महालक्ष्म्या आल्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटली, थाळी वाजली, "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली, सोन्याच्या पावलानं आली" असं म्हणत सोनू पुढे नाचत गेली. ज्येष्ठा आणि कनिष्ठा समोरच्या खोलीत उभ्या राहिल्या. जयाने त्यांना लुगडी नेसवली, निऱ्या बसवल्या, मुखवटे चढवले, वर फुलोरा टांगला. दुपारी सगळे जरा लवंडले तेव्हा ती एकटी त्यांच्यापुढे बसून राहिली. समईची ज्योत हलली की त्या दोघींच्या गालांवर उजेड सरकायचा, आणि पेंगुळलेल्या जयाला वाटलं ज्येष्ठा आपल्याकडेच बघतेय. रागाने नाही. बघायची म्हणून बघतेय. माहेरी आलेली बाई जुन्या मैत्रिणीकडे बघते तशी.

दुसऱ्या दिवशी जेवण. न्हाऊन, ओलं नेसून जया चुलीशी उभी राहिली. पुरण शिजत होतं, आंबील घोटून झाली होती, पडवळ, भेंडी, कोहळं, गवार अशा भाज्यांच्या वाट्या भिंतीशी ओळीने मांडल्या होत्या. बाहेर मामेसासू, चुलतसासू, गावातल्या सवाष्णी जमू लागल्या होत्या. पायल दारात बसून नारळ खवत होती, तिचं तोंड त्या गोळ्यांनी पांढरं पडलं होतं.

तेव्हा जयाची कंबर दुखायला लागली. आधी तिला वाटलं, पहाटेपासून उभी आहे म्हणून. मग ते दुखणं पुढे सरकलं, ओटीपोटात उतरलं, खोल, जड, जुन्या ओळखीचं... तिने पळी ठेवली आणि ती न्हाणीकडे गेली.

कडी लावून ती उभी राहिली. आणि तिने पाहिलं.

आली होती! औषधाने ओढून आणलेली नाही, कोणी बोलावलेली नाही, आपसूक आली होती! जयाने पदराचा बोळा तोंडात धरला, कारण तिला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. भिंतीला टेकून ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पडीत शेत, ती अनवाणी पावलं, सारं तिच्या मिटल्या डोळ्यांपुढून गेलं, आणि घडीभर तिला जगात दुसरं काही उरलं नाही.

मग बाहेरून बेबीताईंची हाक आली. "जया, पुरण लागन खाली."

आणि सगळं परत जागेवर आलं. चूल, निवद, नवस, बाहेर बसलेल्या बाया. कोणाला काही माहीत नव्हतं. ती गुपचूप आत जाऊन पळी उचलू शकत होती. घरच्या देवघराची राणी म्हणून आजचाही दिवस तिचाच राहिला असता. बोलली तर ते देवघर गेलं, आत्याबाईंचा विश्वास गेला, आणि या घरात तिचं म्हणून जे एवढंसं होतं तेही गेलं. पण न बोलणं म्हणजे काय? जिची इतकी वर्षं वाट पाहिली तिला चोरासारखं लपवायचं? गोळी थुंकली ती पोटासाठी थुंकली. आता देवीच्या चुलीशी उभं राहून आत्याबाईंना पुन्हा फसवायचं, ते कोणासाठी?

ती बाहेर आली. चुलीकडे न जाता अंगणात तुळशीपासून लांब उभी राहिली.

"आत्याबाई... मले अडचण आली."

बेबीताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"आली? अशी कशी आली? गोळी घेऊन राह्यली होतीस ना?"

"नाई घेतली. एकबी नाई घेतली."

"पत्ता रिकामा होता."

"मी टाकून देल्या त्या."

ऐकलेलं बेबीताईंच्या मनात शिरत नव्हतं. मग त्यांचा आवाज फुटला, मोठा नाही, चिरका. "माया तोंडावर खोटं बोलली तू? तुयासाठी नवस केला होता वं मी. तुयासाठी पदर पसरला. तुया हातचा निवद पाह्यजे होता, अन् तूच... माया देवी उपाशी बसवल्या तू, जया."

"आई," ओसरीवरून जीवन म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण जीवन बोलला होता. "तिचं काई नाई त्यात. मीच सांगतलं होतं तिले, गोळी घेऊ नको म्हणून."

जयाने मान वर केली. त्याला तर गोळीचं काही ठाऊकच नव्हतं. या माणसाला खोटं बोलता येतं हे तिला आज कळलं.

"तू मधात बोलू नको," बेबीताई म्हणाल्या. "जाय वं, बस तिकडं."

जया पडवीत जाऊन चटईवर बसली. तिच्या हातचं सारं अन्न चुलीवरून उतरवलं गेलं, नव्याने आंघोळी, नव्याने चूल. मामेसासू म्हणाल्या, आजकालच्या सुना. कोणी म्हणालं, देवीचा कोप झाला तर मग कळेल. जयाने ते सगळं ऐकलं. तिला वाटलं होतं आपण रडू, पण रडू आलं नाही. पोट दुखत होतं आणि त्या दुखण्याला कुशीत घेऊन ती बसली होती, डोळे जड होत होते, आणि स्वयंपाकघरातले आवाज कुठून तरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखे येत होते.

समोरच्या खोलीत तिचा फोन वाजला. चार्जिंगला लावलेला होता. पायलचे हात पिठात, म्हणून बेबीताईंनी तो उचलला. त्यांना कमी ऐकू यायचं, कोणाचाही फोन घेतला की त्या आधी आवाज मोठा करायच्या, त्यामुळे शब्दन् शब्द पडवीत येत होता.

"जय भीम, जयाताई. अपेक्षा बोलतो, यवतमाळहून."

"मी तिची सासू आहो. काय काम आहे?"

"काकू, नमस्कार. पुढच्या तपासणीले कधी येतात ते विचारायचं होतं. अन् ताईंले पाळी आली का एवढ्यात, तेबी."

"आली," बेबीताई फणकारल्या. "आजच आली. महालक्ष्म्याईचा निवद चुलीवर असताना आली."

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "आपसूक आली, काकू? काई गोळी न घेता?"

"न घेता. म्हणून तं हा घोळ झाला."

"मॅडम, आली!" अपेक्षा तिकडे कोणाला तरी म्हणाली, आणि फोनमधून दोघी बायांचं हसू ऐकू आलं, मनापासूनचं, घरात बाळ रांगायला लागल्यावर बाया हसतात तसं. बेबीताईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं.

"तुमी हासून कायले राह्यल्या? माया घरी सणाचा इस्कोट झाला अन् तुमाले हासू येते?"

"माफ करा काकू. पण आमी या बातमीचीच वाट पाहून राह्यलो होतो. ताईंनी सांगतलं नाई का तुमाले? ताईंले आजार आहे. दर महिन्याले पोटात बीज तयार व्हायले पाह्यजे, ते होत नाई, म्हणून पाळी येत नव्हती. अन् म्हणूनच लेकरू राह्यत नव्हतं."

"आजार?" बेबीताई म्हणाल्या. "तिले कधी अडचण नसे... ते आजारानं?"

"हो काकू. लय वर्षाईपासूनचा."

पायलचं लाटणं थांबलं होतं. बेबीताई खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसल्या.

"अन् तिनं ती गोळी घेतली असती तं? पाळी पुढं ढकलायची?"

"तं आज काईच समजलं नसतं. आमाले त्याईले अभ्यासातूनबी काढा लागलं असतं. ताईंनी घेतली नाई, लय चांगलं केलं."

"आता लेकरू होईन का तिले?"

"ते मी नाई सांगू शकत काकू, खोटं कायले बोलू. ताईंची गोळी औषधाची आहे का बिनऔषधाची, ते मले माईत नाई, मॅडमलेबी माईत नाई. एका पाळीनं काई ठरतबी नाई. पण खूण चांगली आहे. गोळी कोणतीबी असो, पाळी तं खरी आहे ना. आज ताईंले आराम करू द्या."

फोन बंद झाला. बेबीताई महालक्ष्म्यांपुढे बसून राहिल्या. काय चाललं होतं त्यांच्या मनात? गावभर त्यांनी ज्याचं कौतुक मिरवलं ते जयाचं दुखणं होतं... हळदीकुंकवात, सत्यनारायणात, ज्या गोष्टीवर बायांनी माना हलवाव्यात म्हणून त्या सांगत आल्या, ती त्या पोरीची वांझ वर्षं होती. आणि तिने एकदाही म्हटलं नाही, की आत्याबाई, पुरे. नवस बोलून त्या देवीकडे जे मागत होत्या, ते आज भर सणात, कोणाला न विचारता दारात येऊन उभं राहिलं होतं. आणि त्यांनी त्याला पडवीत बसवलं होतं.

त्या उठल्या. ज्येष्ठेपुढे ओटीचं ताट मांडलेलं होतं, खण, तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी. त्यांनी देवीला हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या, आणि ते ताट उचलून पडवीकडे निघाल्या.

"बेबीताई, कुठं चालल्या?" मामेसासू उठून उभ्या राहिल्या. "शिवान तिले."

"शिवलं तं शिवलं. बोरचं पाणी काई आटलं नाई, पुन्हा आंघोळ करीन." त्या थांबल्या नाहीत. "पोरगी पहिल्यांदा न्हातीधुती झाली तं ओटी भरता का नाई तिची? का कोपऱ्यात टाकता? माया लेकीले आज न्हाण आलं. देवी बाईमाणूस आहे, तिले समजते. थांबन ती घडीभर."

जया डोळे पुसत उठायला लागली. "आत्याबाई, शिवू नका... सोवळं मोडन तुमचं."

"बस गुमान." बेबीताई तिच्यासमोर चटईवरच बसल्या, त्याच चटईवर, आणि त्यांनी तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. सुजलेल्या बोटांतून तांदूळ सांडत होते. ते सांडलेले दाणे वेचून वेचून त्यांनी तिच्या पदरात घातले. मग त्यांचे हात थांबले. "काहून नाई सांगतलं वं मले?"

"तुमाले लय आवडे ना, मी सयपाक केलेला," जया म्हणाली. "मले वाटे, बरी झालो तं... मंग माया कायचाच उपयोग राह्यणार नाई या घरात."

बेबीताईंनी जयाचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं, आणि मग दोघींनाही आवरलं नाही. दारात पायल उभी होती, पिठाचे हात तसेच धरून, आणि तिचेही डोळे भरले होते. "जाऊबाई, मी करतो सयपाक," ती म्हणाली. "मीठ कमी-जास्त झालं तं देवीले तुमीच समजावून सांगजा."

"तू बी पड जरा," बेबीताई तिच्याकडे बघून म्हणाल्या. "तोंड पाह्य कसं झालं त्या गोळ्याईनं. पुढच्या सालापासून ते दुकानातलं खूळ या घरात नाई आणायचं. ज्याची अडचण असन त्यानं बसावं, बाकीच्याईनं करावं. मामी, जरा पुरणाले पाह्यता का?"

मामेसासू पदर खोचून आत गेल्या.

बेबीताई मात्र उठल्या नाहीत. जयाची हनुवटी त्यांनी हातात धरली, त्या राठ केसांवरून त्यांचं बोट हळूच फिरलं, आणि जयाने मान मागे घेतली नाही.

"आत्याबाई, पण माई गोळी खोटी असली तं?"

"असू दे. खोटी तं खोटी. तपासणीले मी बी येतो तुयासंगं, त्या फोनवाल्या पोरीले पाह्यचं आहे मले." मग आवाज खाली आणून, पायलला दर महिन्याला विचारायच्या तसं त्यांनी विचारलं, "पोट दुखते का वं?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं, विचारायचं कारणच फारसं पडलं नव्हतं. जयाने मान हलवली.

"हो," ती म्हणाली. "लय दुखते, आत्याबाई."

बेबीताईंनी मांडी सारखी केली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. आत कोणीतरी पुरणात वेलदोडा टाकला होता. जयाने डोळे मिटले.